सांवेरचं शेत: आधी पाणी, मग घर

मध्य प्रदेशात, इंदूरजवळच्या सांवेर तहसिलीतल्या आमच्या शेतावर घर सगळ्यात शेवटी उभं राहिलं. आधी कागद झाले, मग बांध, मग पाणी, मग माती, आणि त्यानंतर राहायच्या खोल्या. मी बँकेतून निवृत्त झाले, हे कारखान्यातून, आणि इंदूरच्या लोकमान्य नगरातलं घर मुलीच्या ताब्यात देऊन आम्ही इथे आलो. पुण्या-नाशिककडचे नातेवाईक आणि इंदूरचे ओळखीचे सारखे विचारतात की हे जमलं कसं, पैसा आधी कशात घालायचा, या वयात तिथे निभतं का. त्या सगळ्यांना एकदाच नीट सांगावं म्हणून लिहायला बसले.

महाराष्ट्रातल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही शेतकरी नसताना शेतजमीन मिळाली कशी? महाराष्ट्रात खातेदार शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, गुजरातेतही लागतो. मध्य प्रदेशात ती अट नाही, नोकरदार माणूसही शेती घेऊ शकतो. इथली बंधनं दुसरी आहेत. आदिवासी भूमिस्वामीची जमीन इतरांना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, काही अधिसूचित भागांत तर मुळीच घेता येत नाही. सरकारने पट्ट्यावर दिलेल्या जमिनीलाही परवानगी लागते. हे सगळं 1959 च्या भू-राजस्व संहितेच्या कलम 165 मध्ये आहे, आणि खसऱ्याच्या कैफियतीच्या, म्हणजे शेऱ्याच्या, रकान्यात त्याची खूण दिसते. आपल्या सातबाऱ्याचं काम इथे खसरा आणि बी-1 मिळून करतात. आम्ही वकिलाकरवी अगदी जुन्या नोंदी काढल्या, म्हणजे संहिता लागू होण्याच्या आसपासच्या, कारण तेव्हा जमीन सरकारी नावावर असेल तर वाद आज उकरून निघू शकतो. दलाल म्हणतात, एवढं मागे कोण जातं. जायचंच. आयुष्यभराची पुंजी घालताना वकिलाच्या फीत काटकसर करू नये, असं मी बँकेत कर्जाच्या फायली बघून बघून शिकले आहे.

आमचा तुकडा एका मोठ्या खसऱ्यातला, म्हणजे एका नंबराच्या मोठ्या जमिनीतला, भाग होता. त्याचा फरक पडतो. फेब्रुवारी 2024 पासून राज्यभर सायबर तहसील सुरू झाली. पूर्ण खसरा विकला गेला आणि वाद नसला, तर रजिस्ट्रीनंतर नामांतरण, म्हणजे आपला फेरफार, तिथे आपोआप मार्गी लागतं, खेटे घालावे लागत नाहीत. खसऱ्याचे तुकडे होत असले की बटांकन, म्हणजे तुकड्याला वेगळा नंबर देणं, आलं, नकाशावर नवी रेघ आली. आमचं प्रकरण नेहमीच्या वाटेने गेलं: अर्ज, इश्तहार म्हणजे जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, पटवाऱ्याचा अहवाल, आदेश. तो आदेश खसऱ्यात चढला आणि हातात पावती आली, म्हणजे भू-अधिकार पुस्तिका, तेव्हा कुठे मी निश्चिंत झाले. जमीन माझ्या नावावर घेतली. बाईच्या नावावर घेतली की नोंदणी शुल्कात सूट मिळते, शिवाय ह्यांचंच म्हणणं होतं की माझ्या नावावर असू दे.

सीमांकनाबद्दल मात्र थोडं थांबून सांगते. रजिस्ट्रीत चतुःसीमा लिहिलेली असते, पण शेतात बांध कुठे आहे हे वेगळंच प्रकरण असतं. लोक सेवा केंद्रात अर्ज द्यायचा, पावती घ्यायची आणि गहू निघेपर्यंत थांबायचं, कारण उभ्या पिकात मोजणी होत नाही. मोजणीच्या दिवशी राजस्व निरीक्षक, पटवारी, गावचा कोटवार आणि चारही बाजूंचे शेतकरी हजर होते. आधी चांदा शोधला, म्हणजे नकाशातला तो पक्का दगड जिथून माप धरतात. तिथून मोजत आले तर दक्षिणेकडचा बांध आमच्या हद्दीत आत सरकलेला निघाला. त्या पट्ट्यावर शेजारच्या दाजींचा जुना आंबा होता. दाजी काही बोलले नाहीत, नुसते झाडाकडे बघत उभे राहिले. आम्ही दोघांनी तिथेच ठरवलं की दगड नकाशाप्रमाणे रोवायचे, पंचनामा पक्का करायचा, पण झाड आणि त्याचे आंबे दाजींचे. पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. पुढे पाणी, मजूर, रात्री-अपरात्रीची गाडी, जे काही लागलं त्यात दाजी आधी धावून आले. हक्क कागदावर स्वच्छ असावा आणि वापरताना हात सैल असावा, हे खेड्यात राहायचं असेल तर फार लागतं.

रस्त्याचंही त्याच वेळी बघून घ्यावं. वहिवाटीची वाट सगळे वापरतात म्हणून ती कायम मिळेलच असं नाही. वाद झाला तर कलम 131 खाली तहसीलदार निकाल देतात, पण म्हातारपणी तिथवर वेळ का येऊ द्यायची? आमच्या रजिस्ट्रीत वाट लिहून घेतली, आणि पहिल्या पावसाआधी तिच्यावर मुरूम टाकून घेतला. माळव्याची काळी माती जुलैत ट्रॅक्टरलासुद्धा सोडत नाही. ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येणार की नाही, हे त्या मुरुमावर ठरतं.

आता पाणी. ‘मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही म्हण इथे लहान पोरालाही पाठ आहे, पण ती आज खरी धरून जमीन घेऊ नये. इथे खाली काळा पाषाण, दख्खनचा बेसाल्ट आहे. पाणी त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये असतं. भेग लागली तर बोअर चालतो, नाही लागली तर पन्नास पावलांवर शेजाऱ्याकडे पाणी आणि आपल्याकडे धूळ. त्यात उन्हाळ्यात जिल्हा प्रशासन 1986 च्या पेयजल परिरक्षण कायद्याखाली नव्या खासगी बोअरिंगवर बऱ्याचदा बंदी घालतं. म्हणजे मे महिन्यात पाणी संपलं म्हणून मशीन बोलवू, हा हिशेब चालत नाही.

आमच्या डोळ्यासमोर देवास होतं. 1990 साली देवासला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस ह्यांना चांगले आठवतात. त्याच देवास जिल्ह्यात 2006 पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना समजावलं की जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या, कर्ज बोअरला काढता तसं तळ्याला काढा. त्या तळ्यांना रेवासागर नाव दिलं. पुढच्याच वर्षी राज्यात शेततळ्यांसाठी बलराम तालाब योजनाही आली. आम्ही टोंकखुर्दच्या बाजूला जाऊन ती तळी पाहिली. शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसलो, चहा घेतला, जे विचारायचं ते विचारलं. तिथे एका आजोबांनी माझी सगळी चिंता एका वाक्यात मोडली: ‘बई, बोर ज़मीन से लेता है, तलाब ज़मीन को देता है.’ परत येताना गाडीतच ठरलं की घराच्या पैशातला भाग आधी तळ्यात घालायचा.

हिशेब सोपा आहे. इंदूरकडे वर्षाला साधारण 900 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. एका हेक्टरवर 900 मिलिमीटर म्हणजे 90 लाख लिटर पाणी. त्यातलं बरंच जिरतं, बरंच उडून जातं, तरी उतारावरून वाहून जाणाऱ्या पाण्यातलं थोडं अडवलं तरी आमच्यासारख्या दोघांच्या शेताला रब्बीचं ओलित पुरतं. जागा शेताच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात धरली. एप्रिल-मेमध्ये पोकलेन लावली. वरची काळी माती वेगळ्या ढिगात, पिवळी वेगळी, असं सांगून सांगून काढून घेतलं, नाहीतर चालक सगळं एकत्र करून पाळीवर ढकलतो. खोली किती ठेवायची हा खरा प्रश्न. काळ्या मातीची चिकण तळाला असेल तर पाणी थांबतं. लोभाने खाली गेलात आणि मुरूम फोडलात तर तळं चाळणी होतं. आमच्याकडे मुरूम लागायच्या आत थांबलो, तळावर वेगळी ठेवलेली चिकण पसरून ओली करून दाबून घेतली. पाणी आत येतं तिथे गाळ बसायला छोटा खड्डा केला, आणि जास्तीचं पाणी निघायला दगडी सांडवा. सांडव्याशिवाय पाळ बांधू नये. एका मोठ्या पावसात पाळ फुटते आणि खालच्या शेजाऱ्याचं सोयाबीन वाहून जातं.

पहिल्या पावसाळ्यात तळं भरलं आणि दिवाळीनंतर दाजींच्या विहिरीची पातळी वर दिसायला लागली. त्यांनी आपणहून येऊन सांगितलं. माझ्या बँकेतल्या सगळ्या नोकरीत मला कशाने एवढं समाधान मिळालं असेल असं वाटत नाही.

मातीची गोष्ट इंदूरचीच आहे, आणि ती आपल्या लोकांना फारशी माहीत नाही याची मला खंत वाटते. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे 1924 साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1931 पर्यंत तिथे होते, आणि खताची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली ती त्यांनी इथे बसवली. 1931 साली तिच्यावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचं नाव आहे. जगात कुठे कुठे लोकांनी ती पद्धत उचलली, आणि आमच्या सांवेरकडे अजून गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतरची धसकटं, पेटवून देतात. बंदी आहे, तरी पेटवतात. मार्च-एप्रिलमध्ये रात्री क्षितिजावर लाल रेघ दिसते आणि मला खरंच वाईट वाटतं.

आम्ही नरवाई, सोयाबीनचा भुसा, तूरकाठ्यांचे तुकडे आणि पालापाचोळा थराथराने रचतो. मध्ये शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि चुलीची राख. हॉवर्ड यांच्या मूळ पद्धतीत खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि फक्त 2 फूट खोल असायचा. आम्ही तेवढा मोठा करत नाही, पण खोली तीच ठेवतो, कारण खोल गेलं की हवा जात नाही आणि सडून वास सुटतो. ओल पिळलेल्या फडक्याएवढी हवी. दोन-तीन आठवड्यांनी पहिली पालट, मग पुढच्या पालटी, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो, तेव्हा जमिनीवरच ढीग लावतो. पालटायचं काम वयाला झेपत नाही, त्यासाठी गडी लावतो. थर मात्र मी स्वतः लावते. हात घातला की ढिगाची ऊब कळते, त्यावरून आत काम चाललंय की थांबलंय ते समजतं. आता जिथे खत पडलं आहे तिथे उन्हाळ्यातल्या भेगा आधीइतक्या रुंद पडत नाहीत, आणि खुरपं सहज आत जातं.

घराचं थोडक्यात सांगते. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, म्हणून पाया मुरुमापर्यंत नेला आणि प्लिंथ बीम टाकला. पायऱ्या नाहीत, उतार आहे. न्हाणीघरात दांडे, दारं रुंद. गावाच्या आबादीबाहेर शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीसाठीच्या वीजवाहिनीवर, दिवसाला 10 तास वीज असते, म्हणून सौर पॅनल आणि बॅटरी. रात्री बाहेर जाताना पायात बूट आणि हातात टॉर्च, यात सवलत नाही. घोणस आणि मण्यार दोन्ही इथे आहेत. 108 ला फोन करताना घाबरून पत्ता सांगता येत नाही, त्यामुळे हमरस्त्यापासूनच्या खुणा मोठ्या अक्षरांत फोनजवळ लिहून भिंतीला लावल्या आहेत. कोणत्या दवाखान्यात सापाचं औषध आहे, हे पावसाळ्याआधी विचारून ठेवतो.

एकटेपणाबद्दल विचारतात. संध्याकाळ लवकर होते हे खरं. नाटक, व्याख्यान, भिशी यांची आठवण येते, मग इंदूरला जातो, मुलीकडे राहतो, पोहे खाऊन परत येतो. ह्यांना घोडारोजांपासून, म्हणजे नीलगायींपासून, हरभरा राखण्यात इतका रस लागलाय की दोन दिवस शहरात काढणंही त्यांना जड जातं. दोघांपैकी एकालाच शेताची ओढ असेल तर हा घाट घालू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि तब्येतीची नियमित तपासणी लागणाऱ्यांनी दवाखान्यापासूनचं अंतर आधी मोजावं, जमिनीचा भाव नंतर.

यंदा उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढायचा आहे. तो आमच्या वरच्या हलक्या पट्टीवर पसरू, थोडा दाजींना देऊ. दाजींनीही आपल्या खालच्या कोपऱ्यात तळ्याची आखणी केली आहे. त्यांच्याकडे मुरूम फार वर आहे, तिथल्या नुसत्या चिकणीने भागणार नाही, तेव्हा आमच्या ढिगातली काळी माती त्यांना लागेल की थेट प्लास्टिकचं अस्तर घालायचं, यावर गेले काही दिवस ओट्यावर चर्चा चालली आहे. पोकलेनवाल्याला मे महिन्यासाठी सांगून ठेवलंय.