कोंबडीची पिसं आणि पोलादी फणी

रविवार, वडोदरा

सकाळपासून पाऊस. दांडिया बाजारातल्या एका घरातून आलेली जुनी स्विस म्युझिक बॉक्स कधीची टेबलावर पडून होती; आज तिची फणी, म्हणजे सूर देणाऱ्या पोलादी दात्यांची पट्टी, उतरवली. त्याआधी स्प्रिंग पार शेवटच्या आट्यापर्यंत सोडली. भरलेल्या स्प्रिंगवर वेग आवरणारा गव्हर्नर सैल केला तर दाते छेडणाऱ्या खिळ्यांचा सिलिंडर सुसाट सुटतो, खिळे वाकतात, दाते तुटतात, आणि पेटीचा निकाल लागतो.

हा नाद शाळेपासूनचा. आजोबा इथल्या कलाभवन या तंत्रशाळेत फिटरकाम शिकलेले. त्यांचा व्हाइस आणि कानशी माझ्याकडे आल्या. आधी ग्रामोफोन खोलले, मग या पेट्यांनी धरलं ते धरलंच.

बघणाऱ्याला तुटके दाते दिसतात. माझा जीव डॅम्परमध्ये. दाता अजून थरथरत असतो, तेवढ्यात त्याच सुराचा पुढचा खिळा त्याला टेकतो आणि चर्र होतं. ती थरथर खिळ्याच्या क्षणभर आधी थांबवायची, एवढंच डॅम्परचं काम. खर्जाच्या दात्यांखाली बारीक पोलादी तार, वरच्या सुरांना पिसाचा तुकडा, अगदी टोकाच्यांना काहीच नाही. नीट बसला तर तो आहे हे कुणाला कळतही नाही!

या पेटीतली पिसं कसरीनं खाल्लेली. काल मच्छीपीठातून कोंबडीची आणली.

"अहो, ऐन श्रावणात?"

"खायला नाहीत गं, वाजवायला."

पिशवी तरीही गॅलरीतच राहिली. एकेक पीस आत आणायचं, कापायचं, चिमट्यानं धरून लाखेनं चिकटवायचं. दुपार त्यातच गेली.

खर्जाच्या दात्यांना खालून शिसं असतं, त्या वजनानं सूर उतरतो. दमट हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते, शिसं फुगतं आणि शेजारच्या दात्याला रेटतं. इथं दोन ठिकाणी सुरुवात झालीय.

मालकीणबाईंचा फोन आला. सिलिंडर लखलखीत हवाय. म्हटलं, "काकू, पॉलिश खिळ्यांच्या बुडाशी बसतं, मग निघता निघत नाही. लाकूड पुसून देतो." त्यांना पटलं नाही. न पटू दे.

संध्याकाळी फणी बसवून थोडीच चावी दिली. वरचे सूर स्वच्छ. फेरी संपली, सिलिंडर किंचित सरकला, दुसरी चाल लागली आणि खर्जात चर्र! तिथली तार दात्याला सतत टेकतेय. म्हणजे उद्या फणी पुन्हा उतरवणं आलं. शिसंही तेव्हाच बघतो.