लिंगोत्तोच्या गच्चीवर

इटलीतील तोरिनोच्या (ट्युरिनच्या) पोर्ता नुओव्हा स्थानकावरून चालकाविना धावणाऱ्या मेट्रोने लिंगोत्तोला उतरलो आणि समोरची पाच मजली इमारत एका नजरेत मावेना. लांबी सुमारे पाचशे मीटर, आणि खिडक्यांच्या एकसारख्या रांगा कुठे संपतच नव्हत्या. फियाटच्या या कारखान्याचे बांधकाम १९१६ साली सुरू झाले आणि १९२३ साली त्याचे उद्घाटन झाले. कंपनीचे प्रमुख जोव्हान्नी अन्येल्ली यांनी अमेरिकेतील फोर्डचे कारखाने पाहिले होते. आराखडा मात्र अभियंता जाकोमो मात्ते-त्रुक्को यांचा, आणि तो चक्रावून टाकणारा आहे: कच्चा माल तळमजल्यावर आत यायचा, एकेका मजल्यावर गाडी आकार घेत वर चढायची आणि तयार झाली की थेट गच्चीवरच्या धावपट्टीवर तिची चाचणी व्हायची.

दोन्ही टोकांना नंतर बांधलेले, गोल फिरत वर जाणारे चढ आहेत. त्यांपैकी एकाच्या तळाशी उभे राहून वर पाहिले, तेव्हा काँक्रीटच्या फासळ्या केंद्रापासून पसरलेल्या दिसल्या आणि कारखान्यात असल्याचा क्षणभर विसर पडला. सुमारे एक किलोमीटरच्या धावपट्टीची वळणे इतकी तिरकी उचललेली आहेत की ती चढायला पाय धजत नाहीत. आता तिथे हजारो रोपांची बाग आहे.

हे सौंदर्यच कारखान्याला भोवले, असे मला वाटते. वाढत्या उत्पादनाला मजले नव्हे, सलग सपाट जमीन हवी होती. म्हणून १९३९ साली फियाटने जवळच मिराफिओरी येथे दुसरा, विस्तीर्ण कारखाना उभारला. त्याच्या उद्घाटनाला आलेल्या मुसोलिनीचे कामगारांनी थंडपणे स्वागत केले होते. १९३६ साली आलेली चिमुकली मोटार 'तोपोलिनो' लिंगोत्तोतच जन्मली, पण पुढे महत्त्व मिराफिओरीला आले आणि १९८२ साली लिंगोत्तोचे उत्पादन थांबले. वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी मग या इमारतीत सभागृह, दुकाने आणि हॉटेल वसवले. इमारत पाडली नाही, हे तोरिनोकरांचे भाग्य.

मुंबईकराला फियाट म्हटले की आठवते ती काळी-पिवळी टॅक्सी. ती पद्मिनी गाडी फियाट ११०० पासून आलेली आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. गच्चीच्या कठड्याशी उभा राहून मी मिराफिओरीच्या दिशेने पाहत होतो, तेव्हा दादर स्थानकाबाहेरची टॅक्सींची रांग आणि त्यांच्या मीटरचा आवाज मला आठवत राहिला.