तुम्ही विचारलंत म्हणून: वजनाचं इंजेक्शन घेऊ का?

कोथरूडमध्ये माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरवर आवाज खाली आणून मागायच्या काही ठरलेल्या गोष्टी असतात. हल्ली त्यात या प्रश्नाची भर पडली आहे: "ते वजनाचं इंजेक्शन असतं ना, ते मी घेतलं तर चालेल का?" मागे कोणी ओळखीचं उभं नाही ना, हे बघून विचारतात. सोसायटीतल्या काकू विचारतात, जिममधून घाम पुसत आलेला मुलगा विचारतो आणि लग्न तीन महिन्यांवर आलेल्या मुलीची आई तर हमखास विचारते.

मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. चिठ्ठीशिवाय हे औषध मी देत नाही, आणि कोणी देत असेल तर त्या दुकानातून घेऊ नका. पण हा प्रश्न कोणी डॉक्टरांपर्यंत न्यावा आणि कोणी काउंटरवरच सोडून घरी जावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी औषधाबद्दल थोडं. सध्या नावं ऐकू येतात ती मुख्यतः दोन औषधांची. सेमाग्लुटाइड, म्हणजे डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कचं. मधुमेहासाठी ते ओझेम्पिक नावाने येतं आणि वजनासाठी वेगोवी नावाने. दुसरं टिर्झेपॅटाइड, अमेरिकेच्या एली लिलीचं, म्हणजे मौंजारो. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. ते मेंदूला सांगतं की पोट भरलं, आणि जठर सावकाश रिकामं होऊ देतं. आपलं स्वतःचं हार्मोन काही मिनिटांत विरून जातं. औषधातली त्याची नक्कल आठवडाभर टिकते, म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदाच. टिर्झेपॅटाइड जीआयपी नावाच्या आणखी एका हार्मोनचंही काम करतं. थोडक्यात, इंजेक्शन चरबी जाळत नाही. भूक मरते, तुम्ही कमी खाता, वजन उतरतं.

आणि उतरतं हे खरं आहे. "सगळी जाहिरातबाजी हो" म्हणणारेही येतात, त्यांना मी आकडे सांगते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास कमी झालं. ज्यांना नुसतंच पाण्यासारखं इंजेक्शन आणि आहार-व्यायामाचा सल्ला मिळाला, त्यांचं अडीच टक्केसुद्धा नाही. पुढच्या वर्षी टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसचा आकडा आला, ७२ आठवड्यांत जवळपास २१ टक्के. आमच्या भागात बऱ्याच घरांनी दीक्षित डाएट करून झालंय, दोन वेळा आणि ५५ मिनिटांत जेवण. ज्यांना जमलं त्यांचं उत्तम चाललंय. पण काहींचं शरीर कमी झालेलं वजन दामदुप्पट भुकेने परत मागतं, तो निव्वळ आळस नसतो. अशा माणसाने "मला औषध लागेल" म्हणण्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. तेवढ्यासाठी आवाज खाली आणू नका.

आता "मी बसते का यात?" याचं उत्तर. कागदावरचा नियम असा आहे की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३० किंवा त्याहून जास्त असावा. किंवा २७ वा त्याहून जास्त आणि सोबत वजनाशी जोडलेला एखादा आजार, म्हणजे बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकण्याचा स्लीप अ‍ॅप्निया. पाच फूट चार इंच उंचीच्या बाईला ३० म्हणजे साधारण ७९ किलो आणि २७ म्हणजे ७१. माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांतल्या निम्म्याजणी तरी या रेषेच्या बऱ्याच अलीकडे असतात, हे मी नुसतं बघून सांगू शकते. त्यांना पाच-सहा किलो कमी करायचे असतात, पैठणी नीट बसावी म्हणून. हे औषध त्यासाठी नाही.

पण नुसत्या बीएमआयवर विसंबू नका, आणि हे मी पुणेकर म्हणून जरा अभिमानाने सांगते. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबीवाला असतो, हे याज्ञिकांनी पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत वर्षानुवर्षं मोजून दाखवलं, अगदी नवजात बाळांपासून. म्हणून वजनकाट्याच्या आधी कमरेला इंचपट्टी लावा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. काटा ठीक पण कमर पुढे, शिवाय साखर वर आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, असं असेल तर डॉक्टरांशी बोलायला कारण आहे. उलट वजन थोडं जास्त, पण कमर, साखर, बीपी, सगळं जागेवर असेल तर घाई कसली?

याज्ञिकांच्या त्या फोटोतून आणखी एक गोष्ट निघते, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या अंगात मुळात स्नायू कमी. या इंजेक्शनने जे वजन जातं त्यात चरबी जाते, तसा स्नायूंचाही बऱ्यापैकी वाटा जातो. भूक मेली की माणूस काय खातो ते मी ऐकते: सकाळी चार घास पोहे, दुपारी वरणाचं पाणी आणि भात, रात्री "काही नकोच, कपभर दूध". काटा खाली येतोय म्हणून घरचे खूश. पण जिना चढताना पाय भरून येतात, चेहरा उतरतो, केस गळतात. एवढंसंच खायचं असेल तर त्यात डाळ घट्ट हवी, मटकीची उसळ, पनीर, दही, चालत असेल त्याला अंडं, मासा हवा. उपासाची साबुदाणा खिचडी या काळात नसलेलीच बरी, तिच्यात प्रथिनं नावालाच. आणि टेकडीवर चालायला जाणं छान असलं तरी तेवढ्याने स्नायू टिकत नाहीत, वजन उचलायला लागतं. साठी ओलांडलेल्यांना तर हे मी दोनदा सांगते. ज्याला हे करायचंच नाही, त्याने इंजेक्शनही घेऊ नये असं माझं मत आहे. डॉक्टर कदाचित एवढं कडक बोलणार नाहीत.

यानंतर हमखास येणारा प्रश्न, "किती महिन्यांचा कोर्स आहे?" कोर्स नाहीये हो. अँटिबायोटिकसारखं पाच दिवस घेतलं आणि संपलं, असं हे औषध नाही. २०२१ च्या त्याच चाचणीतल्या काही लोकांचं औषध थांबवून वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा कमी झालेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. भूक परत येते, तिच्यामागून वजन. आणि परत येताना स्नायू तेवढे येत नाहीत, चरबी मात्र येते. म्हणजे लग्नासाठी तीन महिने टोचून घेतलेल्या मुलीचं पुढच्या संक्रांतीपर्यंत काय होईल, ते बघा. बीपीची गोळी जशी चालू राहते तसंच हे बराच काळ, कदाचित कायम चालू ठेवावं लागेल, हे मान्य असेल तरच सुरुवात करण्यात अर्थ आहे.

हे पटलं की पैशांचं गणित आपोआप पुढे येतं. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक बाटली ३,५०० रुपयांना होती आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ ला, आठवड्याला एक. महिन्याचे चौदा ते साडेसतरा हजार. वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये आलं, आणि नोव्हेंबरमध्ये त्याची किंमत कंपनीने बरीच खाली आणली. मार्च २०२६ हा सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटचा शेवट, म्हणजे भारतीय कंपन्यांना वाट मोकळी. स्वस्ताई चांगलीच, गरज असलेल्यांना परवडेल. मला धास्ती आहे ती गरज नसलेल्यांनाही परवडेल याची. आणि सुरुवातीच्या डोसची किंमत धरून बजेट करू नका, डोस चढत जातो. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि साधारण दर चार आठवड्यांनी पायरी चढत २.४ पर्यंत जाऊ शकतं. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता, आंबट ढेकर यांचा जोर डोस वाढवताना जास्त असतो. म्हणून पायऱ्या गाळायच्या नाहीत, "लवकर उतरेल" म्हणून तर अजिबात नाही.

कोणी घेऊच नये? "मला थायरॉइड आहे, चालेल का?" हे रोज विचारलं जातं. तुमची ती सकाळची उपाशीपोटीची गोळी, तो वेगळा विषय, तिने सहसा अडत नाही. अडतं ते मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर नावाच्या थायरॉइडच्या एका दुर्मिळ कॅन्सरने, तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला झाला असेल तर. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल, पित्ताशयात खडे असतील, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला त्रास झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगायचं. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांचा डोस कमी करावा लागू शकतो, नाहीतर साखर धाडकन खाली जाते; चतुर्थीचा कडक उपास धरलेला असला तर जास्तच.

मूल हवं असलेल्या मुलींशी मी काउंटरच्या बाजूला घेऊन बोलते. गरोदरपणात हे चालत नाही, सेमाग्लुटाइड तर प्रयत्न सुरू करायच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं. पीसीओडीमुळे पाळी अनियमित असलेल्यांनी विशेष सावध राहायचं, कारण वजन उतरलं की बीज नियमित पडायला लागतं आणि दिवस जाऊ शकतात. त्यात टिर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरं साधन वापरावं लागतं. ऑपरेशन ठरलं असेल, अगदी छोटं असलं तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल सांगायचं. जठर सावकाश रिकामं होतं ना, उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं.

मग घ्यावं कोणी? माझ्या डोळ्यांसमोर येतात ते आमच्या भागातले एक काका. एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेला, वजन शंभरच्या पुढे, गुडघे गेलेले, रात्री घोरणं एवढं की काकू दुसऱ्या खोलीत झोपतात. "वजनाचं औषध म्हणजे श्रीमंतांची थेरं" असं तेच मला सांगत होते. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकार असलेल्या, वजन जास्त पण मधुमेह नसलेल्या लोकांत सेमाग्लुटाइडने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालं होतं. मी त्यांना त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारायला सांगितलं. ज्यांनी खरंच विचारायला हवं होतं त्यांनी विचारलंच नव्हतं, आणि पैठणीवाल्या रांगेत उभ्या.

डॉक्टरांकडे जाताना कमरेचं माप, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड (कोलेस्टेरॉल), लिव्हर आणि क्रिएटिनिनचे (किडनीचे) रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. आयुर्वेदिक काढे धरून. त्यांना "किती किलो कमी होतील?" हे विचारण्याआधी "माझ्या कोणत्या आजारासाठी हे देताय आणि थांबवायचं कधी, कसं?" हे विचारा. समोरून नीट उत्तर आलं नाही तर दुसरं मत घ्या.

चिठ्ठी मिळाली तर इंजेक्शनचं पेन किंवा बाटली बिलासकट घ्या, इन्स्टाग्रामवरून येणाऱ्या कुरिअरमधून नको. घरी २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून नाही, एकदा गोठलं की फेकून द्यायचं. एप्रिल-मेमध्ये दुकानातून नेताना गाडीच्या डिकीत टाकू नका. आणि आइसपॅक घरून आणत जा, माझ्याकडचे नेलेले कोणी परत आणून देत नाही.