खरडवही, नोंद ७: अनडूने पाय मोडले

खरडवही हा मी बनवत असलेला टेक्स्ट एडिटर. मागच्या नोंदीत 'अनडू (टाइप केलेलं मागे घेणं) झालं, आता छपाईला हात घालतो' असं लिहिलं होतं. ते मागे घेतो.

रविवारी आई खरडवहीत हळदीकुंकवाचं निमंत्रण टाइप करत होती. 'लक्ष्मी' लिहिलं, मन बदललं, कंट्रोल-झेड दोनदा दाबलं आणि पडद्यावर उरलं 'लक्ष्'. "अरे, या ष चा पाय कोणी मोडला?"

मीच मोडला होता. माझ्या अनडूच्या स्टॅकमध्ये (बदलांच्या यादीत) दर कोडपॉइंटला, म्हणजे युनिकोड या संगणकी लिपी-संकेतातल्या दर चिन्हाला, एक नोंद. 'लक्ष्मी' डोळ्यांना दोन अक्षरं, युनिकोडच्या हिशेबी सात: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी. म्हणजे सात वेळा झेड.

मग मजकूर ग्राफीममध्ये, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत, तोडणारी लायब्ररी (तयार कोड) लावली. तिने 'ल । क् । ष् । मी' असे तुकडे पाडले. पाय मोडलेलेच! दोन संध्याकाळी माझ्याच कोडवर संशय घेण्यात गेल्या. दोष निघाला लायब्ररीतल्या जुन्या युनिकोड तक्त्यांचा: देवनागरी जोडाक्षर हलन्तापाशी तोडू नये हा नियम युनिकोडमध्ये आला तो १५.१ आवृत्तीत, २०२३ साली. नवी आवृत्ती टाकली आणि 'ल । क्ष्मी'. त्या आनंदात मी दहा वेळा लक्ष्मी घालवली आणि रीडूने परत आणली.

हाच नियम बॅकस्पेसला लावायचा मोह झाला, पण नको. 'मी'चं 'मि' करताना बॅकस्पेसने फक्त वेलांटी खावी. अख्खं 'क्ष्मी' पुन्हा कोण टाइप करणार? बॅकस्पेस कोडपॉइंटने चालेल, अनडू अक्षराने.

हे लिहिता लिहिताच वाटतंय, अक्षरही लहानच पडतं. ईमॅक्स हा एडिटर सलग टाइप केलेले २० पर्यंत कोडपॉइंट एका अनडूत गोळा करतो. आकडा मोजून तोडणं आपल्याला परवडणार नाही, नेमका जोडाक्षराच्या पोटात घाव बसायचा. त्यापेक्षा स्पेस आली, कर्सर हलला किंवा हात दोन सेकंद थांबला की गठ्ठा बंद. फक्त आई थांबते ती हलन्त दाबल्यावरच, ष शोधायला! तेव्हा थांबण्याचा नियम अक्षर पुरं झाल्याशिवाय लागू करायचा नाही. म्हणजे लायब्ररीची मेहनत वाया गेली नाही.

आणखी एक दुखणं. पाच पावलं मागे गेल्यावर चुकून स्पेसबार दाबला गेला की माझा रीडू साफ. व्हिम या एडिटरच्या ७ व्या आवृत्तीत, २००६ सालीच, अनडूचं झाड आलं: जुनी फांदी तशीच राहते, नवी शेजारी फुटते. मला आता तेच हवंय. फांद्या आईला दाखवायच्या कशा, ते मात्र सुचलेलं नाही. कदाचित दाखवूच नयेत, वेळेनुसार नुसतं मागे-पुढे जाऊ द्यावं.

छपाई पुढच्या महिन्यात. निमंत्रण मी कागदावर लिहून दिलं. त्यातही एक खाडाखोड झालीच.