तुम्ही विचारलंत म्हणून: डिसेंबरातल्या आमिश प्रेमकथा

"तुम्ही एवढं वाचणाऱ्या, मग दर डिसेंबरात त्या आमिश ख्रिसमसच्या प्रेमकथा काय घेऊन बसता?" मंडळाच्या दिवाळीत, फोनवर, मुलीच्या मैत्रिणींकडून, मला हे इतक्यांदा विचारून झालंय की आता एकदाच लिहून टाकते. (आमिश म्हणजे वीज-मोटारी टाळून जुन्या पद्धतीनं राहणारा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ.) आजवर "इंग्रजी सोपं असतं" एवढंच सांगत आले. 2003 साली पेनसिल्व्हेनियात आले तेव्हा ते खरं होतं. आज तेच सांगणं खोटं ठरेल.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. या कथा लिहिणाऱ्या बहुतेक जणी स्वतः आमिश नाहीत. 1997 मध्ये बेव्हर्ली लुईस यांची 'द शनिंग' आली, तुफान खपली आणि ख्रिस्ती प्रकाशकांनी रांगच लावली. नाताळच्या कथांचा साचा तर ठरलेला: विधुर शेतकरी, त्याची आईविना मुलं, शाळेची तरुण बाई, ऐन वेळी हिमवादळ. किंवा 'इंग्लिश' जगात, म्हणजे आमिश नसलेल्यांच्या जगात, निघून गेलेला मुलगा 24 तारखेच्या संध्याकाळी दारात उभा. मान्य आहे सगळं. मुखपृष्ठं एकसारखी असतात, तेही मान्य.

पण त्यात काहीच खरं नसतं असं म्हणू नका. आमच्या लँकेस्टर परगण्यात आमिश लग्नं शेतीची कामं उरकली की लागतात, बहुतेक मंगळवारी नाहीतर गुरुवारी. लग्नाच्या जेवणाला सेलरीची भाजी लागते, म्हणून कुणाच्या मळ्यात जास्त सेलरी दिसली की शेजारणी काय ते ओळखतात. हे या कथांमध्ये असतं. झाड नाही, दिव्यांच्या माळा नाहीत, सांताक्लॉज नाही, एका खोलीच्या शाळेत मुलं गाणी म्हणतात आणि आईबाप दाटीवाटीनं बसून ऐकतात, हेही असतं. 26 डिसेंबरला त्यांचा 'दुसरा नाताळ' असतो, नातलगांकडे जाण्याचा दिवस. त्या दिवसाचं वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या घरचे गणपती आठवले. दूर गेलेलं माणूस त्या दिवसांत घरी यायलाच हवं, अशी ती ओढ.

आणि इथेच खरं उत्तर सुरू होतं.

बाप्तिस्मा घेऊन मग पंथ सोडला, किंवा नियम मोडून कबुली दिली नाही, तर आमिश त्या माणसाला वाळीत टाकतात. माइडुंग म्हणतात त्याला. त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. हे मी वाचलं तेव्हा मला शब्दकोश लागला नाही. मी रायगड जिल्ह्यातली. गावकी म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

1989 साली ताईनं जातीबाहेर लग्न केलं. गावकीची बैठक बसली. तिच्याशी बोलेल, तिला घरात घेईल त्याला दंड, आणि दंड भरला नाही तर तेही घर वाळीत. आमच्या घरी दोन काका, आजी, लग्नाचा एक मोठा भाऊ. बाबा बैठकीतून आले आणि पाय न धुताच झोपले. त्या वर्षी गणपतीत, दुसऱ्या दिवशी दुपारी, ताई एकटीच एसटीनं आली. हिरवी साडी, हातात पेढ्यांचा पुडा. अंगणातच थांबली. "दर्शन घेते आणि जाते" म्हणाली. कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आरतीला आलेली दोन माणसं ओटीवर होती. मग आईनं पानावर दोन मोदक वाढले, वर तूप सोडलं, पाण्याचा तांब्या भरला आणि मला म्हणाली, "पडवीत नेऊन ठेव." हातात दे नाही म्हणाली. ठेव म्हणाली.

मी सतरा वर्षांची होते. ताईनं मला वेणी घालायला शिकवली होती, मला ताप आला की रात्र रात्र ती जागायची. मी पडवीत गेले. तिनं दोन्ही हात पुढे केले. आणि मी खाली वाकून पान जमिनीवर ठेवलं. तिचे हात तसेच राहिले, मग तिनं ते पदरात घेतले. मोदक तिनं खाल्ले. पेढ्यांचा पुडा पायरीवर ठेवून ती गेली. तो पुडा संध्याकाळपर्यंत तिथेच होता, त्याला मुंग्या लागल्या.

मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे आधी लिहिते. आई "ठेव" म्हणाली तरी मी हातात देऊ शकले असते. लहान होते, घाबरले होते, हे मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगितलं. सतरा म्हणजे लहान नव्हे.

म्हणून मी ती पुस्तकं वाचते. कुणीतरी परत येतं, आणि त्याच्यासाठी पान मांडलेलं असतं. काही आमिश घरांत वाळीत टाकलेल्या मुलासाठी वेगळं टेबल मुख्य टेबलाला लागून ठेवतात आणि दोन्हींवर एकच कापड पसरतात. नियमही राहिला, मूलही जवळ बसलं. असं काही आईला सुचलं असतं का, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

तुम्ही म्हणाल, हे वाळीत टाकण्याचं उदात्तीकरण झालं. काही कथांत होतंच. बिशप ऐन नाताळात विरघळतो, नाहीतर नायिकेचा बाप्तिस्माच झालेला नसतो, म्हणजे वाळीत टाकायचा प्रश्नच येत नाही. खऱ्या आयुष्यात सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकून कबुली दिल्याशिवाय दार उघडत नाही. मला त्या समाजाचा राग येतो. आणि 2006 चा ऑक्टोबरही आठवतो. निकेल माइन्सच्या आमिश शाळेत पाच मुली मारल्या गेल्या, आणि त्याच समाजाची माणसं मारेकऱ्याच्या बायकोमुलांना धीर द्यायला गेली, त्याच्या दफनालाही उभी राहिली. मारेकऱ्याला क्षमा, आणि सोडून गेलेल्या लेकाच्या हातून पाणी नाही? हे दोन्ही एकत्र कसं धरायचं, मला कळलेलं नाही. मुलगी म्हणते, मग वाचू नकोस. ती चूक आहे असंही मला म्हणता येत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, 2017 मध्ये लागू झाला. ती बातमी मी ताईला फोनवर वाचून दाखवली. "चांगलं झालं," म्हणाली. त्या पानाबद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नाही, मीही नाही.

मागच्या डिसेंबरात तिनंच विचारलं, काय वाचतेस? मी गोष्ट सांगितली: घर सोडून गेलेली मोठी बहीण नाताळला परत येते, बाप दारातून आत वळतो, आई रडते. ताई मध्येच म्हणाली, "आणि धाकटी? धाकटी असेल ना घरात?"

"आहे," मी म्हणाले. "ती बर्फातून अनवाणी धावत येते."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग ताई म्हणाली, "अनवाणी कशाला गं? पाय गारठतील तिचे."