एका प्रिंटचा घोळ

आजचा दिवस फ्लो लाँचरच्या (विंडोजवर टाइप करून अ‍ॅप, फाइल शोधायचं साधन) पायथन प्लगिनमध्ये गेला. प्लगिन.जेसन या माहितीच्या फाइलमध्ये आयडी, अ‍ॅक्शन कीवर्ड (प्लगिनला हाक मारणारा शब्द), चालवायच्या फाइलचं नाव भरणं किरकोळ काम. खरी मेख पुढे. जेसन-आरपीसीच्या (लाँचर आणि प्लगिन एकमेकांशी बोलतात ती पद्धत) पहिल्या आवृत्तीत टाइप केलेल्या अक्षरागणिक नवी पायथन प्रोसेस उघडते आणि लाँचर तिच्या स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्राम मजकूर बाहेर सोडतो ती जागा) फक्त जेसनची, म्हणजे ठरावीक साच्यातल्या मजकुराची, वाट बघतो. तपासायला टाकलेली एखादी ‘प्रिंट’ ओळ त्यात मिसळली की जेसन मोडलंच, निकाल गायब! तपासणीच्या नोंदी, म्हणजे लॉग, फाइलमध्येच लिहावा. जड लायब्ररी सुरुवातीलाच इंपोर्ट केली तर दर अक्षराला तोच भुर्दंड. नेटवरून आणलेला डेटा मेमरीत ठेवूनही उपयोग नाही, प्रोसेसबरोबर तोही जातो, कॅशे (तात्पुरता साठा) डिस्कवरच. आणि हो, प्लगिन.जेसन बदललं की लाँचर रीस्टार्ट करायचा.