प्रेह विहेअर: कड्यावरचं शिवमंदिर आणि फ्रेंचांचा नकाशा

कंबोडियातल्या सिएम रीपहून सकाळी निघालो, तरी प्रेह विहेअरच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. पुढचा घाट इतका उभा की आपली गाडी खाली ठेवून तिथल्या पिकअपने वर जावं लागतं.

ख्मेर राजांनी अकराव्या-बाराव्या शतकांत डांग्रेक डोंगराच्या कड्यावर हे शिवाचं, शिखरेश्वराचं मंदिर बांधलं. एकेक गोपुर ओलांडत सुमारे 800 मीटर चढत जायचं. एका दारावर समुद्रमंथन कोरलंय: मधे मंदार पर्वत, तळाशी कूर्म, दोन्हीकडून वासुकी ओढणारे देव-दानव. आपल्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी तिथे बराच वेळ रेंगाळलो. पुढच्या एका भिंतीवर मात्र गोळ्यांचे टवके उडालेले होते.

शेवटच्या गाभाऱ्यामागे एकदम कडा तुटतो आणि खाली कंबोडियाचं मैदान पसरलेलं दिसतं. मंदिराचं तोंड उत्तरेला, थायलंडकडे. मूळच्या पायऱ्याही तिकडेच उतरतात.

कंबोडिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. 1904 मध्ये फ्रान्स आणि सयाम (म्हणजे आजचं थायलंड) यांनी करार केला, की इथली सीमा पाणलोटाच्या रेषेने, म्हणजे पावसाचं पाणी जिथून दोन बाजूंना वाहतं त्या माथ्याने जाईल. नकाशा काढला फ्रेंच अधिकाऱ्यांनी, 1907 मध्ये. त्यात मंदिर कंबोडियात पडलं. सयामने हरकत घेतली नाहीच, उलट नकाशाच्या जादा प्रती मागवल्या. 1930 मध्ये सयामचे राजपुत्र दामरोंग इथे आले, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने आपला झेंडा लावून त्यांचं स्वागत केलं. तेव्हाही सयाम गप्पच. फ्रेंच गेल्यावर 1954 मध्ये थायलंडने मंदिर ताब्यात घेतलं. 15 जून 1962 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 9 विरुद्ध 3 मतांनी ते कंबोडियाला दिलं. पाणलोट कुठून जातो, यात न्यायालय शिरलंच नाही. सयामने इतकी वर्षं नकाशा मान्य केला होता, हे त्याला पुरेसं वाटलं.

मला हा निकाल पटतो. पण पायऱ्यांवर उभं राहिलं की थाई माणसाची चुटपुटही समजते. राग येतो तो करारात एक लिहून नकाशात दुसरंच काढणाऱ्यांचा.

2008 मध्ये मंदिर जागतिक वारसा ठरलं आणि पुन्हा गोळीबार सुरू झाला, तो 2011 पर्यंत अधूनमधून चालला. मी गेलो तेव्हा शांतता होती. जुलै 2025 मध्ये तोफा धडाडल्या, डिसेंबरमध्ये परत. सीमेलगतच्या लाखो लोकांना दोन्ही बाजूंनी घरदार सोडावं लागलं. कंबोडिया आजही फ्रेंचांचा 1:2,00,000 प्रमाणाचा नकाशा धरून आहे, थायलंड स्वतःचा 1:50,000 चा. जायचा बेत असेल तर आधी तिथली परिस्थिती नीट तपासा, मगच तिकिटं काढा.